एका वाद्याची कणीक

"…मगे माझा चुकता खंय, ता तरी सांगा, मास्तर."

 धाकू मास्तर समोरच्या खळ्यात वाळत घातलेल्या काजूबियांकडे बघत बसले होते. एखादी बी उठून पळून जाईल, अशी काळजी असल्यासारखे बघत होते.

सत्यवान पालव ओटीवर मांडी घालून बसला होता. समोर त्याचं मशीन.

मशीन म्हणजे काय, तर प्लायवूडच्या फळीवर डकवलेली दोन काळी रबरी पॅड, त्यांच्या पोटातून निघालेल्या वायरी, त्या वायरी शिरतात तो एक चपटा डबा आणि डब्याला जोडलेला छोटा स्पीकर. पॅडवर हात पडला की रबराखाली चिकटवलेली पितळी चकती हादरते, वायरीतून डब्याला वर्दी देते आणि डबा आपल्या पोटात साठवलेला आवाज बाहेर काढतो. पखवाजाला दोन बाजू असतात, डावी धूम आणि उजवी शाई. इथेही डावं पॅड धुमेचं, उजवं शाईचं.

हे सगळं सत्यवानाने स्वतःच्या हाताने बनवलं होतं, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. मुंबईच्या ऑर्केस्ट्रात काही वर्षं काढून तो गावी परतला, तेव्हा त्याच्या शर्टाच्या पाठीवर 'रिदम मास्टर' असं छापलेलं होतं. धाकू मास्तरांनी तो शर्ट पुढून पाहिला, मागून पाहिला आणि चहा मागवला.  तो शर्ट पुन्हा या ओटीवर आला नाही.

आज तो साध्या शर्टात आला होता. आणि खरं सांगायचं तर घाबरून आला होता.

संध्याकाळी भरडवाडीत सत्यनारायणाची पूजा होती आणि पूजेनंतर डबलबारी. दोन भजनीबुवा समोरासमोर बसतात, आलटून पालटून गातात, मधूनमधून एकमेकांचे वाभाडे काढतात, आणि कोण सरस ते गाव ठरवतं. सहदेव बुवांच्या बारीत पखवाजाची जागा वर्षानुवर्षं धाकू मास्तरांची. मग मास्तरांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात सावरला नाही. जागा शिष्याकडे आली, आणि शिष्य तिथे पखवाजाऐवजी हे मशीन मांडून बसू लागला.

काल तालमीत सहदेव बुवांनी पेटीचा भाता मिटला आणि काय ते सांगून टाकलं.

"काय म्हणाले बुवा?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणाले, माझो रूपाचो अभंग सुरू होता नि तुझो गजर सुरू होता."

मास्तरांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

हसण्यासारखंच होतं ते. रूपाचा अभंग म्हणजे भजनाची सुरुवात. देवाचं रूप डोळ्यांसमोर आणायचं, तर बुवा संथ लागतो, शब्द हळूच ठेवतो. गजर येतो शेवटी, सगळे घामाघूम झाल्यावर. रूपाच्या अभंगाला कुणी गजराचा हात टाकला, तर बुवाने गायचं काय?

"आणखी?"

"म्हणाले, माझो शब्द माकाच आयकाक येना. उद्याच्या बारीत पुन्ना असा झाला, तर पुढच्या बारीक दुसरो पखवाजी बघतलंय."

 जागा जाणार होती. त्याची स्वतःची असती तर तो दोन दिवस फुगून बसला असता आणि विसरला असता. पण ती मास्तरांची जागा होती. मास्तरांनी ती उभ्या जन्मात सोडली नव्हती, आणि ती आपल्या हातून घालवायची वेळ आली होती.

"वाजव," मास्तर म्हणाले.

सत्यवानाने डाव्या पॅडवर बोट टेकवलं.

धुम्म.

कौलांखालची चिमणी उडाली. आत मास्तरांची सून मंदा काम करत होती, तिच्या हातातलं झाकण खाली पडलं.

"हळू."

"हळूच वाजवलंय."

"आणखी हळू."

धुम्म. तेवढाच.

मास्तरांनी डाव्या हाताने शेजारच्या टोपलीतली एक काजूबी उचलली. पॅडवर वीतभर उंच धरली. सोडली.

धुम्म.

मग त्यांनी सत्यवानाचं मनगट धरलं, त्याची मूठ वळवली आणि सगळा जोर लावून पॅडवर आदळली.

धुम्म.

"काजूबी नि तू," मास्तर म्हणाले, "ह्याका दोघांव सारकीच."

सत्यवानाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तो समजावून सांगू लागला. मास्तरांना कळावं म्हणून हळूहळू, आणि थोडं मोठ्यानेही, कारण मास्तर म्हातारे होते आणि म्हातारा माणूस बहिराच असतो असा तरुणांचा समज असतो.

"चकती तापट आसा, मास्तर. जरा धक्को लागलो की ती वायरीतसून एवढा मोठा पाठवता, की डब्याक सगळाच मोठ्यात मोठा वाटता. डब्यात आवाज कमी करूची सोय आसा. ती करून बघितलंय. सगळोच आवाज लहान होता, पण काजूबी नि मूठ सारकीच रवतत. गोंधळ डब्याच्या दारातच होता. एकदा आत गेल्यावर काय करून उपयोग नाय."

"हं," मास्तर म्हणाले.

सत्यवान थांबला.

तो 'हं' त्याने कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

"आत आवाज कोणाचो?" मास्तरांनी विचारलं.

त्यांना माहीत होतं. साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं. सत्यवान बारीच्या आधी माईकवरून तेच तर सांगायचा.

"तुमचो."

…

मास्तरांचा हात जायच्या आदल्या उन्हाळ्यात, याच ओटीवर, सत्यवान माईक घेऊन आला होता. मास्तर पखवाज मांडीवर घेऊन बसले होते. सत्यवान एकेक हात, म्हणजे एकेक आघात, मागत होता आणि मास्तर एकेक हात देत होते. आधी अख्खा पंजा, भरून. मग जरा कमी. मग आणखी कमी. असं करत करत शेवटी नुसतं बोटाचं टोक, पखवाजाला कळेल न कळेल इतकंच.

"माझे हात चोरतंस काय रे?" मास्तरांनी विचारलं होतं.

"चोरी नाय, मास्तर. ठेवून देतंय."

आत मास्तरांची बायको जनाकाकी भाकऱ्या थापत होती. सत्यवानाने दोनदा जाऊन तिला हात जोडले, काकी जरा थांबा, आवाज येतो. ती थांबली. थोड्या वेळाने आतूनच विचारलं, तवा तापलाय, तुमचं भजन कधी आटपणार. मास्तर म्हणाले, जरा थांब गो. ती काहीतरी पुटपुटली. ओटीवर दोघेही हसले, आणि ते हसणं निवेपर्यंत सत्यवानाला माईक बंद ठेवावा लागला.

त्याच पावसाळ्यात काकी गेली. दिवाळीच्या तोंडावर मास्तरांचा हात गेला.

त्या दिवशी सत्यवानाला वाटलं होतं, एवढं काय ठेवून देतोय आपण, मास्तर तर इथेच आहेत. आता ते आठवलं की त्याला स्वतःच्याच शहाणपणाचा धाक वाटायचा.

पखवाजाचा 'धा' दोन हातांचा. डाव्याने धूम, उजव्याने शाई, दोन्ही एका क्षणी पडायला हवेत. मास्तरांचा डावा हात शाबूत होता. तरी त्यांनी पखवाज लाल गवसणीत घातला आणि खुंटीला टांगला. लोक म्हणाले, नुसती धूम तरी वाजवा. मास्तर म्हणाले, अर्धो धा घेवन खंय बसू? त्यानंतर ते कुठल्याच बारीला गेले नाहीत. ऐकायलासुद्धा नाही.

…

"तेवा मी किती तऱ्हेन वाजवलेलंय?" मास्तरांनी विचारलं.

"मोठ्यापासून बारीकापर्यंत. सगळे हात आत आसत."

"भायर एकच येता."

"होय."

"सगळ्यात मोठो."

"होय, मास्तर."

मास्तरांनी निर्जीव उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि मांडीवर नीट ठेवला. झोपलेल्या पोराचा हात ठेवावा तसा.

"म्हणजे लोकांक वाटता," ते म्हणाले, "धाकू गुरव जन्मभर रागानच वाजवत होतो."

सत्यवानाला हे लागलं. बुवांचं बोलणं लागलं होतं, पण ते जागेपुरतं होतं. हे वेगळं होतं. मास्तरांचे बारीक हात, ज्यांच्यासाठी जुने बुवा रूपाचा अभंग मुद्दाम लांबवायचे, ते सगळे या डब्यात होते. ते आता जगात दुसरीकडे कुठेच नव्हते. आणि सत्यवानाने गावोगाव फिरून लोकांना ऐकवला तो फक्त सगळ्यात वरचा, सगळ्यात मोठा एक हात. तोच पुन्हा पुन्हा.

ठेवून देतो म्हणाला होता. ठेवले खरे, आणि वर कुलूप घातलं.

"उपाय आसा," तो घाईघाईने म्हणाला. "वायरीत बसवूची एक छोटी कळ मिळता. ती फिरवली की दाराच्या आधीच कमी होता. मुंबैसून मागवलंय. पण ती आजून येवक नाय. नि बारी आज आसा."

मास्तरांनी कळेचं तिथेच सोडून दिलं.

"सत्या, धुमेक कणीक कशाक लावतत?"

आता मात्र सत्यवानाला राग आला. एवढ्या घाईच्या वेळी हे काय, पहिलीतल्या पोराला विचारावं तसं!

कारण त्याची पहिली इयत्ता तीच होती. पखवाजाच्या डाव्या चामड्यावर वाजवण्याआधी ओली कणीक थापतात आणि वाजवून झालं की खरवडून काढतात. ती सुकते, म्हणून दर खेपेला ताजी. या घरात भाकऱ्या तांदळाच्या, पण जनाकाकी एक वाटी गव्हाचं पीठ नेहमी वेगळं ठेवायची. त्या वाटीला घरात नावच होतं, एका वाद्याची कणीक. वाण्याकडेसुद्धा ती त्याच मापाने पीठ मागायची, आणि वाणीही न विचारता द्यायचा.

सत्यवान शिकायला आला तेव्हा अख्खा पावसाळा मास्तरांनी त्याला पखवाज वाजवू दिला नव्हता. काम एकच, कणीक लावायची आणि उतरवायची. जास्त लागली की मास्तर 'हं' म्हणायचे आणि चिमूटभर काढायचे. कमी लागली तरी 'हं', आणि चिमूटभर लावायचे. बरोबर लागली की काहीच म्हणायचे नाहीत, वाजवायला घ्यायचे. त्या 'हं'चा सत्यवानाला इतका संताप यायचा की घरी जाताना तो वाटेवरच्या निवडुंगाला काठीने झोडपत जाई. जनाकाकीला ते कळलं होतं. ती त्याच्या हातावर गूळ ठेवून म्हणायची, निवडुंगान काय केल्यान रे तुझा?

ते दिवस गेले. गूळ देणारी गेली. निवडुंगाच्या जागी आता दगडांचा गडगा होता.

"आवाज खाली बसूक," सत्यवान म्हणाला. "खर्ज मिळूक."

"हं."

"पण मास्तर, ता चामडा. ह्या रबर. खाली वायरी आसत. ह्याका कणीक लावून काय होतला?"

मास्तरांनी मान वळवून आत हाक मारली.

"मंदा."

मंदा पदराला हात पुसत दारात आली.

"एका वाद्याची कणीक दी."

ती तिथेच थबकली. सासू गेल्यापासून हे माप या घरात कुणी मागितलं नव्हतं. तिने भिंतीवरच्या लाल गवसणीकडे पाहिलं, मग फळीवरच्या काळ्या रबराकडे. काहीतरी विचारावं असं तिच्या मनात आलं असेल. पण ती आत गेली, आणि पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं.

…

कणकेचा गोळा ताटलीत आला.

सत्यवानाच्या हातांनी त्याला विचारलं नाही. त्यांनी रबरावर पाण्याचं बोट फिरवलं, गोळा उचलला, मधोमध ठेवला आणि अंगठ्याने कडा दाबत गोल फिरवले. डोकं म्हणत होतं, हा वेडेपणा आहे. हात मात्र जुन्या ओळखीने कामाला लागले होते. सगळा गोळा त्याने एकदम लावला. रागात माणूस लावतो तसा.

बोट टेकवलं.

काही नाही.

पंजा मारला. स्पीकरमधून काहीतरी आल्यासारखं वाटलं, पण ते बाहेरच्या फणसाच्या पानाचंही असू शकलं असतं.

"काय आयकलंस?" मास्तरांनी विचारलं.

"कायच नाय."

"बरा झाला."

"बरा कसा, मास्तर? मशीन मेला."

"मेला नाय. गप झाला. आता तू गप रव."



मास्तरांनी बोटाने खूण केली. काढ.

त्याने चिमूटभर कणीक काढली. बोट टेकवलं. काही नाही.

"हं."

आणखी चिमूट.

"हं."

आणखी.

ऊन ओटीवरून खाली उतरून खळ्यात गेलं होतं. काजूबियांचा करपट गोड वास येत होता. चिमणी परत आली होती. सत्यवान चिमूट काढत होता, बोट टेकवत होता आणि कान देत होता. मास्तर डोळे मिटून बसले होते. असा कितीतरी वेळ गेला, आणि सत्यवानाला जाणवलं की आपला राग मघाशीच कुठेतरी गळून पडला आहे. बारी आठवत होती, पण लांबून.

मग पंजाखाली धूम आली. शेजारच्या घरात कुणी भाताची गोणी टेकवावी, तेवढीच.

"थांब," मास्तर म्हणाले. त्यांनी टोपलीतली काजूबी उचलली आणि पॅडवर सोडली.

बी कणकेत रुतून बसली. आवाज नाही.

"आता मूठ."

धुम्म. चिमणी पुन्हा उडाली.

"काजूबी गप रवली," मास्तर म्हणाले. "मूठ बोलली."

त्यांनी बी उचलून परत टोपलीत टाकली. उरलेली कणीक उजव्या पॅडला लागली. तिथे फार वेळ गेला नाही. आता हाताला वाट सापडली होती. सत्यवानाने पंजा अर्धा उचलला, अर्धा आवाज आला. तीन बोटांनी वाजवलं, तीन बोटांएवढा आला.  हे त्याचे हात नव्हते. हे मास्तरांचे, त्या उन्हाळ्यातले, एकामागून एक बाहेर येत होते. काही तर त्याला आठवतही नव्हते.

"आता," मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "सगळ्यात हळू."

सत्यवानाने श्वास धरला. डाव्या पॅडवर बोटाचं टोक ठेवलं, ठेवलं न ठेवलं इतकंच.

धुम…

थप.

मास्तरांनी डोळे उघडले.

सत्यवानाला वाटलं, वायर सैल झाली. त्याने फळी हलवून पाहिली, वायर खोचली आणि पुन्हा तेवढंच हलकं बोट टेकवलं.

धुम… थप.

मशीनचा दोष असता तर प्रत्येक हाताला आला असता. तीन बोटांना तो नव्हता. पंजाला नव्हता. फक्त या सगळ्यात बारीक हाताच्या मागे, धूम विरत जाते तिथे, दूर कुठेतरी एक हलकीशी थाप पडत होती.

ते काय आहे हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत मंदा दारात येऊन उभी राहिली होती. तिचे हात पिठाचे होते.

"भाकरी थापतत," ती म्हणाली. "आई."

…

सगळ्यात बारीक हात शेवटी घेतला होता. तो ऐकू यावा म्हणून सत्यवानाने माईक पुरा वाढवला होता. आणि आत तवा तापला होता. काकी किती वेळ थांबणार?

इतकी वर्षं तो आवाज डब्यात होता. सत्यवान त्याच डब्यावर हात आपटत गावोगाव फिरला, माईकवरून मास्तरांचं नाव घेत फिरला, आणि त्याला पत्ता नव्हता. त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. त्याने ते लपवलं नाही. या ओटीवर लपवून काही उपयोग नसतो, हे त्याला लहानपणीच कळलं होतं.

मास्तर पुढे सरकले. त्यांनी डाव्या हाताचं बोट पॅडवर आणलं. ते बोट कित्येक वर्षांत कुठल्याच वाद्यावर पडलं नव्हतं.  आता पडलं.

धुम… थप.

मास्तरांनी बोट उचललं.  खूप वेळ ते खळ्याकडे बघत राहिले.

"जरा थांब म्हटलेलंय तिका," ते म्हणाले.

त्यांनी डोळे पुसले नाहीत. मिशीखाली मात्र मघासारखंच काहीतरी हललं.

"थांबली नाय."

मंदा आत गेली. 

…

सत्यवान वायरी गुंडाळू लागला. उशीर होत होता. भरडवाडीच्या दिशेने माईकची 'हॅलो, हॅलो' ऐकू येऊ लागली होती. कणीक तिथे पोचेपर्यंत सुकेल, तिथे ताजी लावावी लागेल, याचा तो हिशेब करत होता. रूपाच्या अभंगाची धास्ती आता राहिली नव्हती. बुवांचा शब्द ऐकू येईल. जागा राहील.

पण माणूस सुखाने बसेल तर तो माणूस कसला! एक काळजी गेली, तशी दुसरी येऊन बसली.

"मास्तर."

"हं."

"समोरच्या बुवांकडे तो कणकवलीचो पखवाजी आसा. तो पयल्या अभंगापासून गरजता. लोकांक ताच आवाडता. मी एवढो बारीक हात टाकलंय, तर माका कोण आयकतलो?"



मास्तर भिंतीकडे बघत होते. खुंटीवरच्या लाल गवसणीवर धूळ बसली होती, आणि तिची नाडी जनाकाकीने मारलेल्या गाठीतच होती. मास्तरांनी डाव्या हाताची बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. करंगळीच्या नखात मघाची कणीक अडकली होती. ती त्यांनी अंगठ्याने काढली आणि बोटांत धरून मऊ केली.

"उजव्या पॅडाक हात बरो बसता मा तुझो?" त्यांनी विचारलं.

"बसता."

"बघ. पुन्ना वाजव."

सत्यवानाने उजव्या पॅडवर वाजवून दाखवलं. शाईचा आवाज, गोल, मोकळा. बरोबरीची धूम नव्हती, म्हणून एकटा, अर्धा धा.

मास्तरांनी तो पुरता विरेपर्यंत ऐकला. 'हं' म्हणाले नाहीत.

मग त्यांनी मान वळवून आत हाक मारली.

"मंदा, सांजच्याक कणीक दोन वाद्यांची मळ."